आवाज कोणाचा मोठा?

गाण्याचा नाद असलेली चार माणसे एकत्र बसली की एक वाद हटकून निघतो. आवाज कोणाचा मोठा? आपल्याकडे हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. कोणी केशवराव भोसल्यांचे नाव घेतो, कोणी बालगंधर्वांचे, तर कोणी मास्टर दीनानाथांचे. तिकडे युरोप-अमेरिकेत ऑपेराचे शौकीनही हाच वाद घालतात. ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक, फक्त त्यात संवादही बहुतेक गाऊनच म्हणतात. आणि टेनर म्हणजे त्यातला उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक. तामान्यो मोठा की कारुसो, कोरेली मोठा की पाव्हारोत्ती, यावर तिकडे रात्री जागवल्या जातात. माणसे इकडूनतिकडून सारखीच.

वाद मौजेचा आहे आणि तो बंद व्हावा असे मला मुळीच वाटत नाही. पण त्यात एक गोंधळ आहे. ‘मोठा आवाज’ या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात, आणि वाद घालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात बहुधा निराळाच अर्थ असतो. एकाच्या मनात असतो आवाजाचा जोर. दुसऱ्याच्या मनात असते आवाजाची पोच, म्हणजे तो किती लांबवर स्पष्ट ऐकू जातो ते. तिसऱ्याच्या मनात असते पकड, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो ते. एकाने वार घेऊन, दुसऱ्याने हात घेऊन आणि तिसऱ्याने वीत घेऊन एकच कापड मोजायला बसावे, तसे हे होते. या तिन्ही गोष्टी निराळ्या करून पाहिल्या तर गाणे ऐकण्यातली गोडी वाढते. शिवाय शिक्षकांचा यात एक खास फायदा आहे. गवयाखालोखाल ज्याचे पोट गळ्यावर चालते असा माणूस शिक्षकच. त्याचा विचार शेवटी करू.

आधी आपल्या रंगभूमीकडे पाहू, कारण तिथे हा सामना प्रत्यक्ष घडला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ग्रँट रोडवरच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक गोविंदराव टेंबे यांच्या चालींसह १९११ साली रंगभूमीवर आले होते. दहा वर्षांनी टिळक स्वराज्य फंडाला मदत म्हणून दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले. ज्यांच्यावरून गावोगाव तट पडले होते ते दोघे गायक एकाच रात्री, एकाच छताखाली, एकाच साथीवर गायले. तुलना करायला याहून चांगली संधी ती कोणती?

दोघांची तालीमही तोलामोलाची होती. बालगंधर्वांना भास्करबुवा बखल्यांची, केशवरावांना रामकृष्णबुवा वझ्यांची. दोघांनीही स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. लहानपणी केशवरावांची शारदा प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली होती. पण आवाजांची जात निराळी. केशवरावांचा आवाज तेजस्वी, तडफदार, चढा. त्याला धार होती असे जुने रसिक सांगत. बालगंधर्वांचा आवाज गोड आणि लडिवाळ. शब्दाला न दुखवता सूर पुढे नेणारा. म्हणजे सामना कुस्तीतल्यासारखा एका मापाचा नव्हताच. ज्यांना जोर आणि झळाळी हवी होती त्यांना केशवराव मोठे वाटले, ज्यांना पकड हवी होती त्यांना बालगंधर्व. प्रयोग संपला, वाद मात्र पुढे चालूच राहिला.

त्यानंतर तीन महिने होण्याच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघे एकतीस. योगायोग असा की त्याच वर्षी २ ऑगस्टला इटलीतल्या नेपल्स शहरी एन्रिको कारुसो गेला. ज्याच्या मापाने पुढचे सगळे टेनर मोजले गेले तो हा गायक; त्याचे वय होते अठ्ठेचाळीस. दोघेही ध्वनिक्षेपकाशिवाय गाणाऱ्या पिढीचे. भरलेल्या नाटकगृहात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायचा तो नुसत्या छातीच्या आणि गळ्याच्या बळावर. हे कसे साधत असेल?

प्रथम जोराचे पाहू. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राचे तिसरा आणि चौथा हे संच प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आहेत, म्हणजे चौपन्न कोटी वॅटचे. आता माणसाच्या आवाजात किती शक्ती असते? साध्या बोलण्यात एका वॅटच्या लाखाव्या भागाच्या आसपास. मोठ्यातला मोठा गवई पूर्ण जोर लावून गायला तरी मजल एका वॅटच्या पुढे सहसा जात नाही. एवढ्याशा शक्तीवर हजार माणसांचे कान तृप्त व्हायचे असतात. तेव्हा खरी कमाल कुठे असेल तर ती आपल्या कानाची.

त्या कानाची चालही समजून घेण्यासारखी आहे. मोकळ्या मैदानात दहा पावलांवर एखादा आवाज ऐकला आणि मग वीस पावलांवर गेलात, तर तिथे त्याची शक्ती निम्मी होत नाही, चौथाई होते. चाळीस पावलांवर सोळावा हिस्सा उरतो. उलट, शक्ती दहापट वाढवली तरी कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. सारख्या आवाजाची दहा माणसे एका सुरात भजन म्हणू लागली, तर एकट्याच्या दहापट मोठे ऐकू येत नाही, साधारण दुप्पट येते. याचा अर्थ उघड आहे. एका गवयाच्या गळ्यात दुसऱ्यापेक्षा दुप्पट शक्ती असली, तरी ऐकणाऱ्याला दोघांत थोडाच फरक जाणवेल. नुसत्या जोरावरून गवयांची प्रतवारी लावणे हे म्हणूनच फारसे हाती न लागणारे काम आहे. काही आवाज चारशे हात लांब जातात आणि काही चाळीस हातांवर विरतात, त्याचे कारण दुसरेच असले पाहिजे.

ते कारण आपल्या पालघर जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवर वाजत असते. जव्हार, विक्रमगड, डहाणू, तलासरी या भागांत तारपा ऐकला नाही असा माणूस विरळा. वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत जिभळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. भात तयार होण्याच्या दिवसांत रात्रीच्या रात्री तारपेकऱ्याभोवती नाच फिरत असतो. वाद्यात फुंकर एकाच माणसाची. तरी सूर शेजारच्या पाड्यावर कळतो. जिभळी थरथरते तेव्हा मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूरही उठतात. यांना उपस्वर म्हणतात. कर्णा त्यांना बाहेरची वाट मोकळी करून देतो. ज्या आवाजात वरचे उपस्वर भरपूर, तो आवाज धारदार.

तंबोऱ्यावर हेच आणखी स्वच्छ कळते. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, हे आपण पाहिले असेल. जवारी लागली नाही तर तार मुकी वाटते. लागली की तीच तार, त्याच बोटाने, झणझणू लागते आणि खोली भरून जाते. बोटाचा जोर वाढलेला नसतो. वरचे उपस्वर जागे झालेले असतात. आपले गवई ‘आवाजाला जवारी आहे’ असे म्हणतात ते काही केवळ अलंकार म्हणून नव्हे.

आता हे उपस्वर कानाला इतके का भावतात? दर सेकंदाला दोन हजार ते पाच हजार कंपने असलेल्या आवाजाला आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली तर सुमारे २६१ कंपने होतात, वरच्या सप्तकातली दाबली तर ५२३. टेनर ज्या उंच ‘सी’ सुरासाठी नावाजला जातो तो हाच ५२३ चा सूर. १९७२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लुचानो पाव्हारोत्तीने एकाच गाण्यात असे नऊ सूर घेतले आणि त्याचे नाव घरोघर झाले. पण कान जिथे सर्वांत तीक्ष्ण तो टप्पा या सुराच्याही कितीतरी वर आहे. तिथे गळ्याचा मूळ सूर पोचत नाही, उपस्वर पोचतात.

ऑपेराच्या गवयांनी नेमका याचाच उपयोग केला. त्यांच्यापुढे ऐंशी-शंभर वाद्यांचा ताफा वाजत असतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला. वाद्यमेळाची शक्ती मुख्यतः पाचशे कंपनांच्या आसपास एकवटलेली असते आणि वर जावे तशी ती झपाट्याने उतरते, असे त्यांना दिसले. तयार गवई स्वरयंत्र किंचित खाली ठेवून त्याच्या वरची पोकळी अशी रुंद करतो, की त्याच्या आवाजात तीन हजार कंपनांच्या आसपास एक उंचवटा तयार होतो. जिथे वाद्ये लंगडी पडतात तिथे गवई उभा राहतो. बाजारातल्या गर्दीत सर्वांपेक्षा मोठ्याने ओरडण्याऐवजी एखाद्याने ओट्यावर चढून उभे राहावे, तशी ही युक्ती आहे.

याचा अनुभव विरार-डहाणू गाडीने जाणाऱ्यांना आहे. डब्यात भजन रंगते तेव्हा गाडीचा खडखडाट काही थांबत नाही. पण त्या खडखडाटाचा मोठा भाग खालच्या, घुमणाऱ्या सुरांचा असतो. त्यामुळे टाळ सहज ऐकू येतो, आणि चढ्या पट्टीतला, धारदार गळ्याचा बुवाही. तोच बुवा खर्जात गेला की शेजारच्या माणसालाही शब्द लागत नाहीत.

आपल्या नाटकातल्या गवयाला शंभर वाद्यांशी झुंजायचे नव्हते. त्याच्या साथीला ऑर्गन, सारंगी, तबला एवढेच. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे मातब्बर बसत. ते गवयाला झाकण्यासाठी नव्हे, खुलवण्यासाठी. त्यामुळे बालगंधर्वांसारखा मृदू आवाजही शेवटच्या रांगेत पोचे. शब्द स्वच्छ, सूर अचूक, आणि ऐकणारे चिडीचूप. ही चिडीचूप शांतता हासुद्धा गवयाच्या ताकदीचाच भाग म्हटला पाहिजे, कारण ती त्यानेच निर्माण केलेली असते.

नाटकगृहाचाही वाटा विसरू नये. भिंतींवरून परतणारा आवाज मूळ आवाजाला टेकू देतो. तोच फार उशिरा परतला तर शब्दांची खिचडी होते. म्हणून एका गावी कमी पडलेला गवई दुसऱ्या गावी ‘छप्पर उडवतो’. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधवलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. असे नाट्यगृह जळते तेव्हा लाकूड-विटांबरोबर आवाजाची एक घडणही जाते.

आता कोणी म्हणेल, एवढी चर्चा कशाला? जुन्या ध्वनिमुद्रिका लावा आणि काय ते ठरवा. इथेच मोठी मेख आहे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण विजेवर होत नसे. गवयाने एका भोंग्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. हा भोंगा साधारण दोन-अडीच हजार कंपनांपलीकडचे फारसे टिपतच नसे. म्हणजे ज्या उपस्वरांनी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, नेमके तेच गाळले जात. कारुसोच्या मुद्रिका १९०२ पासूनच्या, तामान्योच्या १९०३ च्या. १८८७ साली व्हेर्दीचा ‘ओथेल्लो’ मिलानला प्रथम झाला तेव्हा नायक होता तो हा तामान्यो. त्याच्या आवाजाच्या जोराचे वर्णन करताना लोक थकत नसत. पण मुद्रिकेवर त्याचा जोर ऐकायला जाल तर भोंग्याने पुसून उरलेला जोर ऐकाल. केशवरावांचेही तेच. ते १९२१ सालीच गेले. विजेच्या ध्वनिमुद्रणाचा लाभ त्यांना मिळालाच नाही. बालगंधर्व पुढे १९६७ पर्यंत होते, आणि त्यांच्या उत्तरकाळच्या मुद्रिका विजेवरच्या आहेत. एकाचे चित्र कोळशाने काढलेले आणि दुसऱ्याचे रंगांनी. त्यावरून गोरा कोण हे ठरवू नये.

दुसरी मेख ध्वनिक्षेपकाची. तो आला आणि पोच ही गवयाची जबाबदारी राहिली नाही, ती यंत्राची झाली. यात काही वाईट झाले असे नाही. कानाशी बोलावे तसे गाणारे भावगीत त्यामुळेच शक्य झाले. एकाच घरातले उदाहरण घ्या. मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) यांचा आवाज पातळ, उंच, विजेसारखा चपळ, आणि तो नाटकगृहात ध्वनिक्षेपकाविना झळाळून उठे. त्यांची कन्या लता (१९२९–२०२२) ध्वनिक्षेपकापुढे गायली आणि कुजबुजीइतक्या हलक्या सुरातही कोट्यवधी घरांत पोचली. बापाचा आवाज मोठा की मुलीचा? प्रश्नच चुकीचा आहे. दोघांनी आपापल्या काळातल्या साधनाचा पुरता कस लावला. १९९० साली रोममध्ये पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर एकत्र गायले तेही उघड्यावर, ध्वनिक्षेपक लावून. त्या रात्रीवरून त्यांची कारुसोशी तुलना करणे म्हणजे सायकलवाल्याची आणि मोटारवाल्याची शर्यत लावणे.

मग तुलना करूच नये का? जरूर करावी, पण ती करताना चार प्रश्न विचारावेत. ध्वनिक्षेपक होता की नव्हता? साथीला किती वाद्ये होती? ज्या मुद्रिकेवरून आपण बोलतो ती भोंग्याची की विजेची? आणि आपण जोराविषयी बोलतो आहोत, पोचेविषयी, की पकडीविषयी? एवढे विचारले तरी निम्मे भांडण मिटते, आणि उरलेले निम्मे गोड होते.

आता शिक्षकांसाठी राखून ठेवलेली गोष्ट. भाषेत स्वरांनी आवाज मोठा होतो, पण अर्थ बराचसा व्यंजनांनी कळतो. स, श, च, ट, त यांची ओळख पटवणारे आवाज बव्हंशी दोन हजार कंपनांच्या वरचे आणि दुबळे असतात. माणूस ओरडतो तेव्हा आ, ओ, ए वाढतात. व्यंजने त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून ओरडणे लांब जाते आणि शब्द मात्र वाटेत सांडतात. एखाद्या यात्रेतला कर्णा कान फाडतो, तरी कोणाचे पोर हरवले ते समजत नाही, ते यामुळेच.

याचा एक साधा प्रयोग वर्गाला करून दाखवता येईल. शाळेच्या पटांगणात मुलांना चाळीस पावलांवर पाठमोरे उभे करा. एका विद्यार्थ्याला ओळखीचे नसलेले दहा शब्द ओरडून म्हणायला सांगा. दुसऱ्याला तसेच दुसरे दहा शब्द किंचित चढ्या सुरात, सावकाश, प्रत्येक व्यंजन तोडून म्हणायला सांगा. मुलांनी ऐकले ते लिहावे. मग दोन्ही याद्या ताडून पाहा. जोर आणि पोच यांतला फरक मुलांना फळ्यावर समजावण्यापेक्षा असा लवकर समजेल, आणि केशवराव-बालगंधर्वांची गोष्ट सांगायला निमित्तही मिळेल.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली शिकवणाऱ्यांची अडचण मी जाणतो. पत्र्यावरचा पाऊस सगळ्याच कंपनांत पसरलेला असतो. तिथे गवयाची युक्तीही अपुरी पडते. अशा वेळी पावसाशी गळ्याने लढू नये. मुलांना जवळ, अर्धवर्तुळात बसवावे. अंतर निम्मे केले तर आवाजाची शक्ती जवळजवळ चौपट पोचते, आणि ती फुकट मिळते. सर ओसरेपर्यंत लेखन द्यावे. घोटघोट पाणी प्यावे. आणि आवाज बसलेला तीन आठवड्यांत सुटला नाही तर काढे-गुळण्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. स्वरतंतूंवर गाठी येणे हे सततच्या ओरडण्याने होते आणि वेळीच लक्ष दिले तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून सुधारते.

समूहगीत किंवा वक्तृत्वस्पर्धा बसवताना ‘मोठ्याने, अजून मोठ्याने’ असे आपण मुलांना सांगतो. त्याऐवजी ‘शेवटच्या बाकावरच्याला कळू दे’ असे सांगून पाहावे. पहिल्या सूचनेने मूल गळा ताणते. दुसऱ्या सूचनेने ते तोंड उघडते, शब्द उच्चारते आणि समोर पाहते. शंभर वर्षांपूर्वीचे आपले गायक-नट नेमके त्याच शेवटच्या बाकासाठी गात होते. तिथे स्वस्तातले तिकीट काढून बसलेला माणूसही शब्दन् शब्द घेऊन घरी जाई. आवाज कोणाचा मोठा, याचा निकाल द्यायचाच असेल तर तो त्या माणसाला विचारून द्यावा.